डेव्हऑप्स विकत मिळत नाही

कोल्हापुरातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांत एक वाक्य सतत ऐकू येतं : "जेनकिन्स, डॉकर, कुबरनेटिस शिकलं की डेव्हऑप्स आलं." मालक मंडळी त्याच्याही पुढे जातात : "एक डेव्हऑप्सवाला ठेवलाय, आता तो बघेल." दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दुसरी जास्त महागात पडते. कोड लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे यांच्यात आधीच भिंत असते. तिथे तिसरा माणूस बसवला की एका भिंतीच्या दोन होतात.

मूळ दुखणं साधं आहे. डेव्हलपरला शाबासकी मिळते नवं काम लवकर दिल्याबद्दल, ऑपरेशन्सवाल्याला सर्व्हर बंद न पडल्याबद्दल. शिरोलीच्या एमआयडीसीत हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. मशीनशॉपमध्ये कास्टिंगला ब्लोहोल निघाला की फाउंड्री मशीनिंगला बोल लावते, मशीनशॉप फाउंड्रीला, आणि रिजेक्शनचा ढीग तसाच पडून राहतो. दोघांनी एकत्र उभं राहून तो तुकडा पाहिला, तरच पुढचा माल सुधारतो. डेव्हऑप्स म्हणजे हे एकत्र उभं राहणं.

तारखा पाहिल्या तरी अवजारांचा मुद्दा निकालात निघतो. जून 2009 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळाच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी दिवसाला दहाहून जास्त वेळा डिप्लॉय कसं करतो, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर कसा चढवतो, ते सांगितलं. त्यात अवजारं होती, पण तेवढाच भर परस्परांवरचा विश्वास आणि दोषारोप टाळणं यावर होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधल्या गेंटला पहिलं 'डेव्हऑप्सडेज' संमेलन भरवलं. जेनकिन्स हे नाव आलं 2011 मध्ये, डॉकर 2013 मध्ये, कुबरनेटिस 2014 मध्ये. म्हणजे विचार आधी, ही अवजारं नंतर.

तरीही कुणाला शंका असेल, तर नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीबद्दलचा तिथल्या बाजार नियामकाचा 2013 चा आदेश वाचावा. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. एक राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. त्यात नव्या कोडने एक जुना फ्लॅग, म्हणजे कोडचा भाग चालू-बंद करणारी खूण, पुन्हा वापरला होता, म्हणून 1 ऑगस्ट 2012 ला सकाळी राहिलेल्या सर्व्हरवरचा, 2003 पासून न वापरलेला कोड जागा झाला. बाजार उघडण्याआधी काहीतरी चुकल्याची सूचना देणाऱ्या 97 ई-मेल आल्या होत्या; कुणी हललं नाही. गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोडही काढला गेला आणि आग आणखी भडकली. 45 मिनिटांत 46 कोटी डॉलरहून जास्त नुकसान! फाइल आठव्या सर्व्हरवर टाकायला अवजार पुरलं असतं. पण तो फ्लॅग कशाला जागं करतो, हे कोड चढवणाऱ्यांना कोण सांगणार होतं, आणि त्या 97 ई-मेल पाहणं कुणाचं काम होतं?

"वारंवार रिलीज केलं की जास्त बिघडतं" हाही समज पक्का बसलाय. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या 2018 च्या 'अ‍ॅक्सिलरेट' पुस्तकात हजारो जणांच्या सर्वेक्षणांचा निष्कर्ष उलटा आहे : वेगाने डिप्लॉय करणाऱ्या टीमचे बदल कमी फसतात. कारण बदल लहान असतो. दहा ओळींतली चूक सापडते, तीन महिन्यांच्या गठ्ठ्यातली शोधावी लागते.

बाकीचे समज थोडक्यात. क्लाउड लागतोच? नाही, ऑफिसातल्या एका सर्व्हरवरही चालतं. ऑपरेशन्सवाल्यांच्या नोकऱ्या जातात? बॅकअप, सुरक्षा, क्षमतेचा अंदाज ही कामं कुठेच जात नाहीत. सगळ्या डेव्हलपरना प्रॉडक्शनचा पासवर्ड द्यायचा? अजिबात नाही, डिप्लॉय ठरलेल्या, नोंद राहणाऱ्या वाटेनेच व्हायला हवं.

आणि "हे मोठ्या कंपन्यांचं काम" म्हणणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं : बारा माणसांच्या कंपनीत हे जास्त सोपं आहे. रात्रीच्या अलर्टच्या पाळीत कोड लिहिणाऱ्याचंही नाव घाला. लॉग डेव्हलपर आणि ऑपरेशन्सवाले दोघांना दिसू द्या. बिघाडानंतरच्या बैठकीत "कुणी केलं?" हा प्रश्न बंद करा आणि "हे आपल्याला आधी का दिसलं नाही?" हा विचारा. जेनकिन्स त्यानंतर बसवलं तरी चालेल.