शुश्रूषा करणाऱ्या हातांना कायद्याचा आधार

घरातील एखादे माणूस अंथरुणाला खिळले की त्या घराची सारी घडीच बदलून जाते. रुग्णाची कूस बदलणे, त्याला आंघोळ घालणे, घास भरवणे, औषधाच्या वेळा सांभाळणे, रात्री-अपरात्री हाकेसरशी उठणे ही सर्व कामे घरातील कोणीतरी एक व्यक्ती मुकाट्याने अंगावर घेते. बहुधा ती पत्नी, आई, सून वा मुलगी असते. तिची रोजंदारी बुडते, शेतावर जाणे थांबते, प्रसंगी नोकरीही सुटते. या श्रमांना मजुरी नाही, सुट्टी नाही आणि त्यांची नोंद कोणत्या दप्तरातही होत नाही. रुग्णाची विचारपूस करावयास येणारे पुष्कळ असतात. त्याची सेवा करणाऱ्याची विचारपूस करणारा मात्र विरळाच.

दीर्घकाळ कायद्याची दृष्टीही अशीच होती. वृद्ध, दिव्यांग व दुर्धर आजारी व्यक्तींसाठी योजना आखण्यात आल्या. परंतु त्यांना सांभाळणाऱ्याचा विचार त्यांत अभावानेच झाला. अलीकडच्या काळात या परिस्थितीत पालट होऊ लागला आहे. सांभाळकर्त्याला उपयुक्त ठरतील अशा अनेक तरतुदी आज अस्तित्वात आहेत. मात्र त्या निरनिराळ्या कायद्यांत व निरनिराळ्या कार्यालयांत विखुरलेल्या असल्यामुळे गरजू कुटुंबे त्यांच्या लाभापासून वंचित राहतात.

कायद्याने घेतलेली दखल

या दृष्टीने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा महत्त्वाचा टप्पा होय. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या अधिनियमात 'काळजीवाहक' या संज्ञेची व्याख्या करण्यात आली आहे. मोबदला घेऊन वा न घेता दिव्यांग व्यक्तीची देखभाल करणारे आईवडील आणि कुटुंबातील अन्य व्यक्ती यांचा तीत स्पष्टपणे समावेश आहे. घरातील सेवेला मिळालेली ही कायदेशीर ओळख लहान वाटली तरी तिचे मोल मोठे आहे.

याच अधिनियमाने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत. दिव्यांगत्व म्हणजे जन्मतः आलेले व्यंग, असा समज अद्याप अनेक घरांत आढळतो. तो बरोबर नाही. अर्धांगवायूमुळे कायमचे आलेले पंगुत्व किंवा उतारवयात जडलेला पार्किन्सन म्हणजेच कंपवाताचा आजार यांचाही विचार या अधिनियमाखाली होतो. म्हणूनच वृद्ध वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या मुलानेही शासकीय रुग्णालयातील तपासणीद्वारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळविणे अगत्याचे आहे. पुढील अनेक लाभांची ती पहिली पायरी आहे.

दरमहाचे अर्थसाहाय्य

महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना राबविण्यात येत आहे. दिव्यांग व्यक्ती, तसेच क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग यांसारख्या आजारांमुळे चरितार्थ चालवू न शकणाऱ्या ६५ वर्षांखालील व्यक्ती या योजनेच्या कक्षेत येतात. ६५ वर्षे व त्यावरील गरजू वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. २०२३ मध्ये या अनुदानाची रक्कम दरमहा १,५०० रुपये करण्यात आली आणि २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थींसाठी ती २,५०० रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. वयाचा, उत्पन्नाचा व राज्यातील किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला जोडून तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. अनुदान रुग्णाच्या नावे मिळत असले तरी औषधपाण्याचा तेवढा भार सांभाळकर्त्याच्या शिरावरून उतरतो.

'आमच्यामागे याचे कसे?'

मतिमंद वा बहुविकलांग मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न अहोरात्र छळत असतो : आमच्यामागे याचे कसे होणार? त्यातच मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान ठरते आणि आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपुष्टात येते. आजवर त्याच्यासाठी सही करणाऱ्या आईला बँकेत वा मालमत्तेच्या व्यवहारात एकाएकी अधिकार उरत नाही.

या अडचणीवर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने मार्ग काढला आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या पालकाच्या नेमणुकीसाठी स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करू शकतात. या समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांचा समावेश असतो. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत स्थावर मालमत्तेची यादी व त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करणे बंधनकारक आहे. त्याने हेळसांड किंवा अफरातफर केल्यास त्याला दूर करण्याची तरतूदही अधिनियमात आहे. याच न्यासाच्या 'निरामय' योजनेखाली अशा व्यक्तींना वैद्यकीय पूर्वतपासणीशिवाय एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण मिळते.

भार एकट्यावर का?

चार भावंडांपैकी एकानेच आईला सांभाळावे आणि इतरांनी सणासुदीला डोकावून जावे, हे दृश्य नवीन नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ हा केवळ निष्ठुर मुलांना शासन करणारा कायदा आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः निष्ठेने सेवा करणाऱ्या अपत्यालाही तो साहाय्यभूत ठरतो. आईने अधिकार दिल्यास तिच्या वतीने दुसरी व्यक्ती अर्ज करू शकते; म्हणजेच तिची देखभाल करणारी मुलगी भावांच्या वाट्याचा खर्च मागू शकते. अर्ज एकाच मुलाविरुद्ध झाला असेल, तर जबाबदार असलेल्या इतर भावंडांना त्यात सामील करून घेण्याची मागणी त्या मुलाला करता येते.

हे अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे चालतात. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवसांत, त्यांचा निकाल लागावा आणि निर्वाहभत्ता दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत असावा, अशी तरतूद अधिनियमात आहे. नात्यातील कटुता वाढू नये म्हणून सुनावणीपूर्वी समेटाचा प्रयत्न करण्याची सोयही त्यात आहे.

नोकरी सांभाळून सेवा

राज्य शासनाच्या सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी रजेच्या दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. दिव्यांग अपत्य असलेल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी २०१६ मध्ये ७३० दिवसांची विशेष बालसंगोपन रजा लागू करण्यात आली. २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांसाठी सर्वसाधारण बालसंगोपन रजा १८० दिवसांची ठरविण्यात आली. पत्नी हयात नसलेल्या किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीच्या पतीलाही ही रजा अनुज्ञेय आहे. घरातील संगोपन हे पुरुषाचेही कर्तव्य असू शकते, याची नोंद या निर्णयाने सेवानियमांत झाली. मात्र शेतमजूर, घरकामगार किंवा हातगाडीवाला यांना अशी रजा नाही. त्यांचा खाडा म्हणजे त्या दिवसाची बुडालेली मजुरीच होय.

पुढील वाटचाल

नेमकी हीच उणीव भरून काढण्याचा मार्ग २०१६ च्या अधिनियमाने दाखविला आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची योजना शासनांनी आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत आखावी, असे त्याच्या २४ व्या कलमात म्हटले आहे. केरळ राज्यात 'आश्वासकिरणम्' या योजनेद्वारे, रुग्णाजवळ सदैव थांबावे लागल्याने कामावर जाऊ न शकणाऱ्या सांभाळकर्त्यांना मासिक मदत देण्यात येते. रुग्णाबरोबर त्याची सेवा करणाराही साहाय्यास पात्र आहे, हे तत्त्व तेथे प्रत्यक्षात उतरले आहे.

कायदा अस्तित्वात असणे आणि त्याचा लाभ घरापर्यंत पोहोचणे यांत अंतर असते. सदैव रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाला कार्यालयांचे हेलपाटे घालण्यास सवड नसते. अशा वेळी शेजारी, तलाठी, ग्रामसेवक, आशा सेविका आणि गावातील सुशिक्षित तरुणांनी पुढाकार घेऊन प्रमाणपत्रे व अर्ज यांची जुळवाजुळव करून दिली, तर तीही एक सेवाच ठरेल. दुसऱ्याचे अंथरूण सांभाळता सांभाळता सांभाळणाऱ्यानेच अंथरूण धरू नये, यासाठी कायद्याने दिलेला आधार त्याच्या उंबरठ्यापर्यंत नेणे ही साऱ्या गावाची जबाबदारी आहे.