मक्याचे इंधन आणि मागे उरणारा चोथा

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. मूळ मुदत २०३० ची होती. २०२२ मध्ये ती २०२५-२६ वर आणण्यात आली. सरकारी योजनांच्या मुदती पुढे ढकलल्या जाण्याचीच ज्या देशाला सवय आहे, तेथे ही मुदत पाळली गेली, हे मान्य केलेच पाहिजे. २०१३-१४ मध्ये मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. मात्र या यशाचा हिशेब मांडताना किती लिटर इथेनॉल झाले आणि किती परकीय चलन वाचले, यापलीकडे फारसे कोणी जात नाही. शहरांतून वाद चालला आहे तो इंजिनाच्या आयुष्याविषयी आणि लिटरमागे पडणाऱ्या किलोमीटरविषयी. या गदारोळात इथेनॉलचा कच्चा मालच बदलला, आणि त्याबरोबर मोंढ्यातील भावांची गणितेही बदलली, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे.

इथेनॉल म्हणजे उसाची मळी, हे समीकरण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे रूढ आहे. ते आता अपुरे ठरते. २०२३ च्या पावसाने दगा दिला, साखरेचे उत्पादन घटण्याची भीती निर्माण झाली आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. ही मनाई काही दिवसांतच अंशतः सैल करावी लागली, परंतु कारखान्यांची सारी आखणी तोवर विस्कटली होती. त्याआधी जुलैमध्ये अन्न महामंडळाचा तांदूळही आसवन्यांना मिळेनासा झाला होता. राहता राहिला मका. जानेवारी २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ५ रुपये ७९ पैसे प्रोत्साहन देऊन त्याचा दर ७१ रुपये ८६ पैसे करण्यात आला. उसाच्या रसाच्या इथेनॉलपेक्षा तो सहा रुपयांनी अधिक होता. परिणाम व्हायचा तोच झाला. नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या इथेनॉल वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटरांचे वाटप केले, त्यात एकट्या मक्याचा हिस्सा ४५ टक्क्यांच्या घरात गेला. रस, पाक आणि मळी मिळून उसाच्या वाट्याला तीस टक्केही आले नाहीत.

एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे या वाटपापुरताच विचार केला तरी सव्वा कोटी टनांच्या आसपास मका आसवन्यांना लागणार. देशाचे एकूण पीक चार कोटी टनांहून थोडे अधिक. कोंबडीखाद्य, पशुखाद्य आणि स्टार्च हे मक्याचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पंगतीत हे नवे गिऱ्हाईक येऊन बसले आणि एकदम पिकाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक मागू लागले. भारत हा वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा देश. २०२४ मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून सुमारे दहा लाख टन मका आयात करण्याची पाळी त्याच्यावर आली. कोंबडीखाद्यात निम्म्याहून अधिक भाग मक्याचा असल्याने कुक्कुटपालकांनी ओरड केली, ती अनाठायी म्हणता येणार नाही.

मका पिकविणाऱ्याला मात्र त्या काळात बरे दिवस आले. खानदेश, नाशिक, जालना, छत्रपती संभाजीनगर, बुलढाणा या भागांत ज्या पिकाला २०२० च्या टाळेबंदीत बाराशे-तेराशे रुपये क्विंटलने कोणी विचारत नव्हते, त्याला बावीसशे-चोवीसशेचा भाव मिळाला. त्याने पेरा वाढवला, यात नवल नाही. २०२५ च्या खरिपात देशातील मक्याचे क्षेत्र सुमारे दहा लाख हेक्टरांनी वाढले आणि सोयाबीनचे घटले. आणि नेमका तेव्हाच भाव कोसळला. कर्नाटकात २०२५ च्या नोव्हेंबरात मका सोळाशे ते अठराशे रुपयांवर आला, शेतकरी रस्त्यावर उतरले आणि तेथील मुख्यमंत्र्यांना पंतप्रधानांकडे पत्र धाडावे लागले. हमीभाव होता २,४०० रुपये.

पीक भरपूर आले, हे या घसरणीचे एक कारण होय. पण एकमेव नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने आसवन्यांसाठी महामंडळाच्या तांदळाचा दर २,८०० वरून २,२५० रुपये क्विंटल केला. गोदामांतील तांदळाचा साठा हलका करणे सरकारला भागच होते. तथापि आदल्याच वर्षी ज्या आसवन्यांना मक्याकडे वळवले, त्यांच्यापुढे स्वस्त तांदूळ ठेवल्यावर मक्याची ओढ कमी होणार, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. शेतकऱ्याने पेरणी करायची ती गेल्या वर्षीच्या धोरणावर आणि माल विकायचा तो या वर्षीच्या धोरणात, असा हा प्रकार आहे.

यात आणखी एक विसंगती आहे. इथेनॉलचा दर सरकार ठरवते आणि घेणारे गिऱ्हाईक, म्हणजे तेल कंपन्या, हेही ठरलेले. उसाच्या बाबतीत कच्च्या मालाचा दरही कायद्याने बांधलेला आहे. १९६६ च्या आदेशान्वये चौदा दिवसांत पैसे देण्याचे बंधन कारखान्यावर आहे. हे बंधन किती वेळा मोडले जाते हा वेगळा विषय, पण मोडल्यावर दाद मागता येते. मक्याला असे काहीच नाही. ७१ रुपये ८६ पैशांच्या दराने एका क्विंटल मक्याचे इथेनॉल सुमारे २,७३० रुपयांचे होते, चोथ्याचे पैसे वेगळे. इंधन, मजुरी, व्याज हे सारे त्यातून जायचे हे खरे. परंतु मका चोवीसशेला घेतला काय किंवा सतराशेला, आसवनीचा विक्रीदर तोच राहतो, आणि मधला फरक शेतकऱ्याकडे परत येण्याची कोणतीही वाट या रचनेत ठेवलेली नाही.

हा फरक कोणाच्या पदरात पडतो, हे बव्हंशी साठवणीवर ठरते. खरिपाचा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरात खळ्यावर येतो. आसवनीला तो बारा महिने हवा असतो. मधल्या काळात माल ज्याच्या गोदामात, त्याच्या हाती भाव. पूर्वी घरोघरी कणगी, बळद आणि जमिनीखालचे पेव असे. ज्वारीसाठी ती व्यवस्था उत्तम होती. मक्याला ती चालत नाही, कारण काढणीच्या वेळी दाण्यात वीस-पंचवीस टक्के ओलावा असतो आणि सुरक्षित साठवणीसाठी तो चौदा टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. परतीचा पाऊस असेल तर उन्हात वाळवणे अशक्य होते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टीचे जे संकट कोसळले, तशा वर्षी ताडपत्रीखाली झाकलेल्या ढिगाला आतून उब सुटते, दाण्याला कोंब येतात, बुरशी धरते. अशा मालावर अडत्या ओलाव्याची कपात लावतो आणि शेतकरी निमूटपणे पट्टी घेऊन घरी जातो. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. गोदामातील मालावर त्याच्या किमतीच्या पाऊणपट कर्ज सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. योजना चांगली आहे, पण ती वाळलेल्या मालासाठी आहे. ओल्या मक्याला तारण कोण घेणार? यांत्रिक वाळवणीची सोय किती बाजार समित्यांत आहे, हा प्रश्न म्हणूनच कर्जाच्या आधी विचारला पाहिजे.

ओल्या मक्याची गोष्ट शेतकऱ्याच्या तोट्यापाशी संपत नाही. शंभर किलो मका आसवनीत गेला की त्यातील पिठूळ अंश तेवढा आंबवला जातो. त्यातून तीस किलो वजनाचे इथेनॉल होते, साधारण तेवढाच कर्बवायू बाहेर पडतो आणि पाव ते तिसरा हिस्सा चोथा मागे राहतो. तो वाळवून विकतात. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. पिष्ट निघून गेल्यामुळे मक्यात नऊ टक्क्यांच्या आसपास असलेली प्रथिने चोथ्यात सत्तावीस-अठ्ठावीस टक्क्यांवर जातात. पण ज्या न्यायाने प्रथिने तिप्पट होतात, त्याच न्यायाने बुरशीचे विषही तिप्पट होते. ओल्या दाण्यावर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष निर्माण करते. ते आंबवण्याने नष्ट होत नाही आणि वाळवण्याच्या उष्णतेनेही जात नाही. पशुखाद्यात किलोमागे २० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा. म्हणजे मका स्वतः या मर्यादेच्या आत असला, तरी त्याचा चोथा मर्यादा ओलांडू शकतो. शिवाय ‘खराब झालेले धान्य’ हा इथेनॉलच्या कच्च्या मालाचा एक अधिकृत वर्ग आहे. माणसाने खाण्यास अयोग्य ठरलेले धान्य इंधनासाठी वापरणे वरवर शहाणपणाचे वाटते; पण त्याचा चोथा गव्हाणीत जातो आणि गायीने खाल्लेल्या या विषाचा काही अंश दुधात उतरतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत हे विष मर्यादेपेक्षा अधिक आढळले होते, आणि तेव्हा मक्याच्या चोथ्याचा बाजारात आजच्यासारखा पूर आलेला नव्हता.

या पुराचा दुसरा तडाखा बसला तो सोयाबीनला. एक क्विंटल सोयाबीनमध्ये तेल अठरा किलो, बाकी बहुतेक पेंड. सोयाबीनचा भाव त्यामुळे तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीच्या खपावर उभा असतो. कोंबडीखाद्य हा या पेंडीचा देशातील मुख्य ग्राहक. सोयापेंडीत प्रथिने पंचेचाळीस टक्क्यांच्या वर असतात आणि त्यांची प्रतही सरस असते, परंतु चोथा जवळपास निम्म्या दराने मिळू लागल्यावर खाद्य कारखानदारांनी पेंडीचे प्रमाण कमी केले. मका आणि तांदळाचा मिळून लाखो टन चोथा दोन-तीन वर्षांत बाजारात उतरला. २०२४ च्या हंगामात लातूरच्या बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास घुटमळत होते, हमीभाव ४,८९२ असताना. खाद्यतेलाची आयात, जगभरातील विपुल पीक ही कारणेही त्यामागे होतीच. पण विधानसभेच्या निवडणुकीत या भावावरून एवढे रण माजले, त्यात चोथ्याचा उच्चार क्वचितच ऐकू आला. सिल्लोडच्या मक्याला इथेनॉलने दिलेला भाव औशाच्या सोयाबीनमधून वसूल होत असेल, तर त्याला शेतकऱ्याचे कल्याण म्हणताना थोडे थांबावे लागेल.

अमेरिकेतील आयोवा राज्य या वाटेने वीस वर्षे आधी गेले. तेथील अर्ध्याहून अधिक मका आज इथेनॉलकडे जातो. पण तेथे शेताशेतावर पोलादी कोठारे आणि हवा खेळवणारे पंखे आधीपासून होते. माल कधी विकायचा हे शेतकरी ठरवू शकत होता. चोथाही बऱ्याच ठिकाणी ओलाच विकला जातो. तो चार-पाच दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही, म्हणून गुरांचे मोठे गोठे कारखान्यांच्या आसपास उभे राहिले आणि वाळवण्याचे इंधन वाचले. अमेरिकेतही सारे सुरळीत झाले असे नाही. शेजारच्या नेब्रास्कात मीड या गावी एका कारखान्याने कीटकनाशक चोळलेले शिळे बियाणे स्वस्त मिळते म्हणून वापरले. त्याचा चोथा जनावरांना घालणे अशक्य झाले, त्याचे डोंगर साचले, दुर्गंधीने लोक हैराण झाले आणि २०२१ मध्ये राज्य सरकारला तो कारखाना बंद करावा लागला.

मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांना आपल्या आसवन्या धान्यावरही चालतील अशा करून घेण्यासाठी व्याजात सवलत देऊ केली. गाळप हंगाम संपल्यावर रिकाम्या पडणाऱ्या यंत्रांना काम मिळेल, हा हेतू रास्त आहे. महाराष्ट्रातील अनेक कारखान्यांच्या पंचक्रोशीत दूधसंघ आहेत, ओला चोथा दुसऱ्या दिवशी गोठ्यात पोहोचवता येईल इतकी जवळ गावे आहेत आणि वाळवणीसाठी बगॅसही आहे. पण या कारखान्यांचा सभासद ऊसवाला आहे. मकावाला त्यांच्या दृष्टीने बाजारातला परका. त्याला सभासद करून घ्यायचे की अडत्यामार्फतच माल उचलायचा, कारखान्याच्या आवारात वाळवणी यंत्र आणि गोदाम मका उत्पादकांसाठी खुले ठेवायचे की नाही, चोथ्याच्या प्रत्येक खेपेची विषचाचणी करून तिचा दाखला पोत्यावर लावायचा की नाही, हे निर्णय कर्जाच्या मंजुरीबरोबरच व्हायला हवेत. व्याजसवलतीच्या अटींत ते घालणे सरकारच्या हाती आहे. यंत्रे बसून गेल्यावर ते कोणी करणार नाही.