आधी पोटोबा, मग बोटोबा!

मुंबई-गोवा क्रूझचं बुकिंग झालं, ग्रुप ठरला, बॅगाही भरल्या? मग बोटीवर चढण्याआधी पोटाचाही प्लॅन करा! बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलजवळच तर अख्खं फोर्ट आहे.

बजेट टाइट असेल, तर सीएसएमटीसमोर पंचम पुरीवाल्याकडे गरमागरम पुरी-भाजी हाणा. खिशात थोडे जास्त असतील, तर बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' गाठा. १९२३ पासूनचं हे इराणी हॉटेल बेरी पुलावसाठी फेमस आहे. पण ते दुपारच्या जेवणाचं ठिकाण, त्यामुळे रात्रीवर ढकलू नका.

मासे हवेत? फोर्टात मालवणी, गोमंतकी, मंगळुरी खानावळी आहेत. कुठली निवडायची? दुपारी एकला ऑफिसवाले जिथे ताटकळतात ती! आज ताजं काय, ते विचारा. आणि हो, पापलेटचा भाव मेन्यूत नसेल, तर ऑर्डरआधीच विचारा. नाहीतर गोव्यातल्या खर्चाचे पैसे इथेच संपायचे!

एक मात्र विसरू नका. चेक-इन बोट सुटायच्या बरंच आधी बंद होतं. तिकिटावरची वेळ बघा आणि तासभर हातात ठेवूनच उठा. सोलकढी पुन्हा मिळेल, सुटलेली बोट नाही!