माया लोकांच्या मुलुखांत

पृथ्वीच्या पाठीवर कांहीं लोक असे आहेत कीं, त्यांच्याविषयीं बोलतांना सगळे जण नेहमीं भूतकाळच वापरतात. मध्य अमेरिकेंतील माया लोक हे त्यांपैकींच होत. "माया लोक मोठे ज्योतिषी होते, त्यांनीं रानांत उंच देवळें बांधिलीं आणि पुढें ते नाहींसे झाले," एवढें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. आपल्याकडे त्यांत आणखी एक भर पडते. 'माया' हें नांव कानीं पडतांच पांडवांची मयसभा आठवते, आणि हा मयासुराचाच वंश असला पाहिजे, असें वडील मंडळी मोठ्या कौतुकानें सांगतात. गेल्या हिवाळ्यांत आम्हीं उभयतांनीं त्या मुलुखांत चौदा दिवस प्रवास केला. हे लोक नाहींसे झाले, ही समजूत जितकी खोटी, तितकीच ते आपले, हीहि समजूत खोटी आहे, अशी आमची तेथें खात्री पटली. ती कां पटली, हें वाचकांस सांगावें, एवढ्यासाठींच हा लेखप्रपंच.

आमचे चिरंजीव अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं नोकरीस असतात. आजकाल आपल्यांतील पुष्कळ आईबाप अशा निमित्तानें तिकडे जातात, नातवंडांचें कोडकौतुक करितात आणि नायगाऱ्याचा धबधबा पाहून परत येतात. ह्यूस्टनहून ग्वाटेमाला शहर विमानानें सुमारें तीन तासांच्या वाटेवर आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आम्हीं एका लहानशा प्रवासी मंडळांत नांवें घातलीं. मंडळी अवघी बारा. त्यांत दोन शिक्षक, एक निवृत्त परिचारिका, एक डच दांपत्य, अशीं निरनिराळ्या देशांचीं माणसें होतीं. वाटाड्या म्हणून जे गृहस्थ लाभले ते पूर्वीं शाळामास्तर होते आणि त्यांची मातृभाषा काक्चिकेल ही माया भाषा होती. पन्नास-साठ जणांच्या यात्रेंत आणि बारा जणांच्या यात्रेंत, लग्नाच्या पंगतींत आणि घरच्या पानावर जेवण्यांत जो फरक असतो, तोच फरक आहे. प्रश्न विचारावयास संकोच वाटत नाहीं, आणि उत्तर देणाराहि घाईंत नसतो.

पहिले चार दिवस आम्ही अतित्लान सरोवराच्या कांठीं होतों. प्राचीन काळच्या एका प्रचंड ज्वालामुखीचें मुख खचून हें सरोवर झालें आहे. त्याच्या दक्षिणेस तीन ज्वालामुखी पर्वत उभे आहेत, आणि कांठाकांठानें माया लोकांचीं गांवें वसलेलीं आहेत. एका गांवांत काक्चिकेल ऐकूं येते, तर नावेंतून पलीकडे उतरावें तों त्सुतुहील भाषा सुरू होते. एकट्या ग्वाटेमाला देशांत बावीस माया भाषा सरकारदप्तरीं मान्य आहेत. २०१८ च्या खानेसुमारींत त्या देशांतील शेंकडा ४१ हून अधिक लोकांनीं आपली नोंद माया म्हणून करविली. अशा लोकांस 'नाहींसे झालेले' म्हणावयाचें तरी कसें?

तेथील स्त्रिया अंगणांत बसून वस्त्र विणतात. मागाचें एक टोंक झाडास बांधलेलें असतें आणि दुसरें त्यांच्याच कमरेमागील पट्ट्यास. अंग थोडें मागें-पुढें केलें कीं ताणा सैल किंवा घट्ट होतो. अशा मागावर विणलेल्या चोळीवजा वस्त्रास 'विपील' म्हणतात. त्यावरील नक्षी पाहून ती बाई कोणत्या गांवची, हें जाणत्या माणसास सांगतां येतें. आपल्याकडील इरकली किंवा पैठणी ज्यांनीं पारखून घेतली आहे, त्यांस यांतील कष्टांचें मोल वेगळें सांगावयास नको.

एके दिवशीं सौ. त्या घरच्या स्वयंपाकघरांत जाऊन बसल्या. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर तसेच ठेवावयाचे, सकाळीं धुवून साल काढावयाची, मग पाट्यावर वाटून त्या पिठाच्या गोल भाकऱ्या हातावर थापून तव्यावर भाजावयाच्या, अशी तेथील रीत आहे. या भाकरीस टॉर्टिया म्हणतात. चुना घालण्यांत केवढें शहाणपण आहे, तें पुढें शास्त्रज्ञांस कळलें. मक्यांतील एक जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगीं लागत नाहीं. युरोपियनांनीं मका नेला. पण ही रीत नेली नाहीं. त्यामुळें इटलींत आणि पुढें अमेरिकेच्या दक्षिण भागांत केवळ मक्यावर पोट भरणारे हजारों गरीब पेलाग्रा नांवाच्या रोगास बळी पडले. माया गृहिणीच्या घरीं मात्र तो रोग आला नाहीं.

त्याच पाट्याशेजारीं मिरच्या ठेवलेल्या होत्या. मिरची मूळची मेक्सिकोकडची, आणि आपल्याकडे ती पोर्तुगीजांमागोमाग आली. पपई आणि चिकू हीं फळेंहि त्याच मुलुखांतलीं. आपल्या उपवासाच्या पानावरील बटाटा, रताळें, शेंगदाणे आणि साबुदाण्याचा कंद हीं सर्व अमेरिका खंडाचींच देणगी आहे. दसऱ्यास ज्याचें तोरण बांधतों तो झेंडू मेक्सिकोचा, आणि देवळांच्या आवारांत फुलणारा पांढरा चाफाहि मध्य अमेरिकेचाच. आपल्या देवघरांत आणि सोंवळ्याच्या स्वयंपाकांत हे पाहुणे कधीं येऊन बसले, तें आपणांस कळलेंहि नाहीं. एक सूचना मात्र शाकाहारी मंडळींसाठीं करून ठेवितों. तेथील काळ्या घेवड्याची उसळ फार रुचकर असते; परंतु ती पुष्कळदां डुकराच्या चरबींत परततात. म्हणून प्रत्येक ठिकाणीं आधीं विचारावें. मंडळ लहान असलें म्हणजे अशी चौकशी आणि व्यवस्था सहज होते.

माणूस मक्याच्याच पिठापासून झाला, असें किचे या माया जमातीचा 'पोपोल वूह' हा ग्रंथ सांगतो. देवांनीं आधीं मातीचा माणूस करून पाहिला, तो विरघळला. मग लांकडाचा केला, त्यास हृदय नव्हतें. शेवटीं मक्याचा केला, तो टिकला. हा ग्रंथ आज वाचावयास मिळतो, याचें कारण अठराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्सिस्को हिमेनेस नांवाच्या पाद्र्यानें चिचिकास्तेनांगो गांवीं त्याची नक्कल करून ठेविली. त्याच डोंगरांत २६० दिवसांचें पंचांग अजूनहि पाळतात. वीस दिवसांचीं नांवें आणि तेरा अंक यांच्या मेळानें तें चालतें. मूल कोणत्या दिवशीं जन्मलें, त्याचा गुण काय, हें सांगणारे जाणते तेथें आजहि आहेत. पंचांगावर विश्वास असो वा नसो, हजारों वर्षांची गणना न चुकतां चालत राहावी, याचें नवल आम्हां पंचांग उघडणाऱ्यांस तरी वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

या डोंगरांतील सर्वच गोष्टी कांहीं रम्य नाहींत. १९६० पासून १९९६ पर्यंत ग्वाटेमालांत यादवी युद्ध चाललें. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्यानें बसलेल्या सत्यशोधन मंडळानें १९९९ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याप्रमाणें मारले गेलेले आणि बेपत्ता झालेले लोक दोन लक्षांहून अधिक होते, आणि ज्यांची ओळख पटली त्यांत शेंकडा ८३ माया होते. रिगोबेर्ता मेंचू या किचे बाईंस १९९२ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें या लोकांची बाजू जगापुढें मांडल्याबद्दल. आमचे वाटाडे या विषयावर फार बोलले नाहींत. "आम्ही मेलेले लोक आहों असें पाहुण्यांस सांगणें सोपें असतें, मग जे मारले गेले त्यांच्याविषयीं कोणी विचारीत नाहीं," एवढेंच ते म्हणाले. आमच्या मनांतून तें वाक्य अद्याप गेलेलें नाहीं.

डोंगर उतरून आम्ही उत्तरेस पेतेनच्या अरण्यांत गेलों. पेतेन इत्सा सरोवरांत फ्लोरेस नांवाचें बेट आहे. माया लोकांचें शेवटचें स्वतंत्र राज्य याच बेटावर होतें, आणि स्पॅनिश सैन्यानें तें १६९७ सालीं जिंकलें. म्हणजे शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतरहि तेवीस वर्षें एक माया राजा आपल्या गादीवर होता! येथून टिकाल हें जुनें नगर मोटारीनें सुमारें दीड तासाच्या वाटेवर आहे. पहाटेच्या अंधारांत आम्ही रानांतून चालत निघालों. वाटेंत एकाएकीं वाघानें डरकाळी फोडावी तसा आवाज झाला आणि कांहीं मंडळी जागच्या जागीं थबकली. पण तीं झाडावर बसून ओरडणारीं काळीं माकडें निघालीं. चौथ्या क्रमांकाचें म्हणून ओळखलें जाणारें देऊळ २०० फुटांहून अधिक उंच आहे. बाजूच्या लांकडी जिन्यानें वर चढून बसलों. धुकें हळूहळू विरत गेलें आणि हिरव्या रानाच्या समुद्रांतून इतर देवळांचीं शिखरें एकामागून एक वर आलीं.

या देवळांच्या दारांवरील तुळया चिकूच्या लांकडाच्या आहेत, असें वाटाड्यांनीं सांगितलें, तेव्हां घोलवडचे चिकू खाणाऱ्या आम्हांस मोठी मौज वाटली. त्या दमट रानांत तें लांकूड बाराशें वर्षांहून अधिक काळ टिकलें आहे. चौथ्या देवळांतील सुंदर कोरीव तुळया मात्र एकोणिसाव्या शतकांत स्वित्झर्लंडांत बाझल येथें गेल्या आणि तेथील संग्रहालयांत आहेत. टिकालास नदी नाहीं. फरसबंद चौकांस उतार देऊन पावसाचें पाणी मोठमोठ्या तलावांत सांठवीत, आणि त्यावरच हजारों लोक राहत. विमानांतून प्रकाशकिरण सोडून या अरण्याची जमीन मोजण्यांत आली, तेव्हां झाडांखालीं दडलेल्या साठ हजारांहून अधिक जुन्या बांधकामांचा पत्ता लागला, असें २०१८ सालीं जाहीर झालें. नवव्या शतकांत अवर्षणें, राजांचीं आपसांतील युद्धें आणि इतर कारणें एकत्र आलीं व हीं नगरें ओस पडलीं. राजे गेले, शिलालेख थांबले. परंतु शेतकरी आपलें बियाणें घेऊन दुसरीकडे गेला. नगर ओस पडणें निराळें आणि लोक नष्ट होणें निराळें. विजयनगर ओस पडलें, म्हणून कन्नड बोलणारे संपले असें कोणी म्हणत नाहीं.

बेलीझमार्गे आम्ही मेक्सिकोंतील युकातान प्रांतीं आलों. हा सारा प्रदेश चुनखडीचा. पाऊस पडतांच पाणी जमिनींत मुरतें आणि भुयारांतून वाहतें. जेथें छत खचलें आहे तेथें निळ्या पाण्याचीं खोल कुंडें झालीं आहेत. चिचेन इत्सा येथील प्रसिद्ध देवळास चारी बाजूंस प्रत्येकीं ९१ पायऱ्या आहेत, आणि वरची एक मिळून ३६५ होतात. आतां त्यावर चढूं देत नाहींत, आणि तें योग्यच आहे.

युकातानांतच मानी नांवाचें एक साधें गांव आहे. तेथें १५६२ च्या जुलै महिन्यांत दिएगो दे लांदा या पाद्र्यानें माया लोकांच्या पोथ्या आणि मूर्ति जाळविल्या. झाडाच्या सालीच्या कागदावर लिहिलेल्या त्या पोथ्यांपैकीं आज साऱ्या जगांत चारच उरल्या आहेत. पुढें त्याच लांदानें माया लोकांविषयीं एक वृत्तांत लिहिला आणि त्यांत कांहीं माया अक्षरें व त्यांचे उच्चार टिपून ठेविले. चारशें वर्षांनीं, १९५२ सालीं, युरी क्नोरोझोव्ह या रशियन पंडितानें त्याच टिपणाच्या आधारें या लिपींतील अक्षरें उच्चार दर्शवितात, असें दाखवून दिलें. त्यांची उकल पक्की होण्यास आज बोलल्या जाणाऱ्या माया भाषांचेंच साहाय्य झालें. म्हणजे पोथ्या जळाल्या, तरी बोलणारीं माणसें राहिलीं, म्हणूनच दगडावरचें लिखाण पुन्हां बोलूं लागलें. ज्यांच्या घरीं आजोबांच्या मोडी कागदांचीं दप्तरें नातवांस वाचतां येत नाहींत, त्यांनीं या गोष्टीचा थोडा विचार करावा.

आतां मयासुराविषयीं. माया लोकांचे पूर्वज हिमयुगांत आशियाच्या ईशान्य टोंकाकडून हजारों वर्षांपूर्वीं अमेरिकेंत गेले. भारताशीं त्यांचा संबंध दाखविणारा पुरावा नाहीं. शून्याची कल्पना आपल्याकडे निघाली, तशीच त्यांच्याकडेहि स्वतंत्रपणें निघाली. ते शून्यासाठीं शिंपल्यासारखें चिन्ह काढीत आणि विसांच्या पटींत मोजीत. एकच रत्न दोन ठिकाणीं सांपडलें, यांत आपला कमीपणा कोणता? उलट, दुसऱ्याच्या बुद्धीचें श्रेय आपल्या पूर्वजांच्या नांवावर लिहिणें हें आपल्या पूर्वजांनाहि शोभणारें नाहीं.

ज्यांस हा प्रवास करावयाचा असेल त्यांनीं नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने निवडावे. गुडघ्यांचें दुखणें असल्यास देवळें खालूनच पाहावीं. तीं खालूनहि तितकींच भव्य दिसतात. डांसांचा बंदोबस्त करावा, आणि डोंगरांत रात्रीं थंडी असते म्हणून शाल बरोबर ठेवावी. छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारावें, आणि वस्त्र घ्यावयाचें तें विणणारीच्या हातून घ्यावें. भाव फार पाडूं नये; एका विपीलास कित्येक महिने लागतात. आणि घरीं परत आल्यावर मुलांस या प्रवासाची हकीकत सांगाल, तेव्हां देवळें कोणी बांधिलीं एवढेंच सांगूं नका. तें बांधणाऱ्यांचीं नातवंडें आज कोठें राहतात, काय खातात आणि कोणती भाषा बोलतात, हेंहि अवश्य सांगा.