दोष सेलचा, आळ इंटरनेटवर

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि बँकेची वेबसाइट उघडेना. ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा. पहिला संशय इंटरनेटवर, दुसरा व्हायरसवर. त्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. ती काही वर्षं मागे गेली असेल, तर दोष बहुधा मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा, सीआर २०३२चा. नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. कॉम्प्युटर बंद असताना ३ व्होल्टचा हा सेल घड्याळ चालवतो. तो संपला की तारीख मागे पडते आणि वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अजून लागूच न झालेलं वाटतं.

भिंतीवरचं बटण चालू असेल, तर घड्याळाला पॉवर सप्लायकडून वीज मिळत राहते. म्हणून रात्री बटण बंद करणाऱ्या घरांतच हा दोष उघड होतो. व्हायरस समजून कॉम्प्युटर फॉरमॅट मारला, तर तेव्हा तारीख नीट लावली जाते, त्यामुळे दोष गेल्यासारखा वाटतो. बटण बंद केलं की परत येतो. तोवर घरातले फोटो मात्र पुसले गेलेले असतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. प्लग काढून सेल बदलायचा, बायोसमध्ये तारीख लावायची, एवढंच काम होतं.