पॉज करून बघायचा पिक्चर

हॉस्टेलमध्ये एकाही रूममध्ये पिक्चर चालू नाही अशी रात्र सापडणं कठीण. हेदवीसारख्या ठिकाणी दुसरं करणार तरी काय? दशभुज गणपतीचं देऊळ, बामणघळ आणि समुद्र फर्स्ट इयरच्या पहिल्याच महिन्यात बघून होतात. मग उरतो लॅपटॉप आणि कोणाचा तरी पेनड्राइव्ह. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पिक्चर बघू नका असं सांगायला हा लेख नाही (तो लेख दरवर्षी कोणीतरी लिहितंच). बघताच आहात, तर त्यातली दोन-तीन मिनिटं इंग्लिश शिकायला कशी वापरायची, एवढंच सांगायचंय.

गरज का आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हायवा. माझी रूममेट गुहागर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली. सबमिशनच्या आदल्या रात्री अर्धा मजला तिच्या कॉटवर बसून स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स समजून घेतो. आणि तीच मुलगी एक्स्टर्नलसमोर गप्प बसते. उत्तर येत नसतं असं नाही. मराठीत तयार असलेलं वाक्य इंग्लिशमध्ये उभं करेपर्यंत समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो. कॅम्पसला ग्रुप डिस्कशनमध्येही हेच होतं, फक्त तिथे मार्कांऐवजी नोकरी जाते.

गंमत म्हणजे इंग्लिश आपण कमी शिकलो असं अजिबात नाही. महाराष्ट्रात मराठी शाळांतसुद्धा २००० सालापासून पहिलीपासून इंग्लिश आहे. म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं झाली. मग अडतं कुठे? माझ्या मते कानाशी. ही बारा वर्षं इंग्लिश डोळ्यांनी वाचलं आणि हाताने लिहिलं, पण कानावर किती पडलं? मी कॉन्व्हेंटमधली. माझं इंग्लिश बरं आहे यात माझी हुशारी काही नाही. दिवसाचे सहा तास ते ऐकावंच लागायचं, दुसरा इलाजच नव्हता. ते सहा तास आता कोणी परत आणून देऊ शकत नाही. पिक्चर मात्र हाताशी आहे.

आणि ही कल्पना पिक्चरमध्येच येऊन गेली आहे. गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२) बहुतेकांनी टीव्हीवर बघितला असेल. पुण्याची शशी गोडबोले, म्हणजे श्रीदेवी, घरी लाडू करून विकणारी. बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला जाते आणि तिथे गुपचूप चार आठवड्यांचा इंग्लिशचा क्लास लावते. क्लास सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण बाई रात्री जागून इंग्लिश पिक्चर बघतात हे चटकन विसरलं जातं. मला तर वाटतं, क्लासपेक्षा तिला त्या रात्रींनी जास्त शिकवलं.

त्याच पिक्चरमधल्या दोन जागा घेऊन बघू. सुरुवातीला शशी 'जॅझ' हा शब्द 'झाझ'सारखा म्हणते आणि घरचे हसतात. आता हसण्याआधी जरा जीभ तपासा. मराठीत 'ज' दोन आहेत: 'जेवण'मधला आणि 'जवळ'मधला. 'जॅझ'चा पहिला आवाज 'जेवण'मधला. शेवटचा 'जवळ'च्या जवळचा, पण 'जवळ' म्हणताना जीभ क्षणभर दातांमागे टेकते, ती तिथे टेकवायची नाही, नुसती हवा घासत सोडायची, 'स' म्हणताना सोडतो तशी, फक्त घशातून आवाज काढून. हिंदीवाल्यांकडे 'जवळ'मधला ज नाही, तरी ते नुक्त्याच्या ज मुळे सुटतात. आपल्याकडे अर्धं काम आधीच झालेलं आहे, हे आपल्याला कोणी सांगत नाही!

दुसरी जागा क्लासमधली. शशी विचारते की युनायटेड स्टेट्सच्या आधी 'द' आणि इंडियाच्या आधी का नाही? प्रश्न एकदम बरोबर आहे. मराठीत आर्टिकलच नाही, त्यामुळे 'अ', 'ॲन', 'द' कुठे लावायचं हे आपण अंदाजाने ठरवतो. उत्तर असं आहे: देशाच्या नावात 'स्टेट्स', 'किंग्डम', 'रिपब्लिक' असं एखादं साधं नाम असेल तर 'द' लागतो. म्हणून इंडियाला नाही, पण 'द रिपब्लिक ऑफ इंडिया'ला आहे. हा नियम पुस्तकात दहाव्या पानावर तिसऱ्या बुलेटमध्ये असेल. श्रीदेवीच्या तोंडून ऐकल्यावर तो विसरणं अवघड जातं.

आता प्रत्यक्ष करायचं काय? क्लिप छोटी घ्या, दोन ते तीन मिनिटांची. अख्खा पिक्चर घेतला की गोष्टीत गुंतून आपण भाषा ऐकतच नाही. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा आणि कोण कोणाला काय म्हणत असेल याचा अंदाज बांधा. मग आवाज चालू, सबटायटल बंद. मग इंग्लिश सबटायटल लावून. हिंदी सबटायटल नकोच, कारण ते वाचायला लागलो की कान झोपतात. शेवटी एकेक वाक्य पॉज करून त्याच चालीत, त्याच वेगात मोठ्याने म्हणा. रूममेट हसतील. दुसऱ्या दिवशी त्याही म्हणायला लागतात.

व्हीएलसी प्लेयर सगळ्यांकडे आहेच. त्यात शिफ्ट दाबून डावा बाण मारला की तीन सेकंद मागे जातं, 'व्ही'ने सबटायटल बदलतं किंवा बंद होतं, आणि उघडणारा चौकोनी कंस दाबला की वेग थोडा कमी होतो. (जाता जाता: हा प्लेयर पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टमधून आला. १९९६ मध्ये त्यांना कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचा होता. आपली प्रोजेक्टं ब्लॅक बुकच्या पुढे का जात नाहीत, हा वेगळ्या लेखाचा विषय.)

ग्रामरसाठी माझी आवडती क्लिप 'अपोलो १३' (१९९५) मधली आहे. ऑक्सिजनची टाकी फुटते आणि टॉम हँक्स ह्यूस्टनला कळवतो, 'वुई हॅव अ प्रॉब्लेम'. हे वाक्य जगभर प्रसिद्ध झालं. पण एप्रिल १९७० मध्ये खऱ्या यानातून आलेले शब्द जरा वेगळे होते: 'वुई हॅव हॅड अ प्रॉब्लेम'. पिक्चरवाल्यांनी एक 'हॅड' काढून टाकला. फरक काय पडला? मराठीत सांगते. पिक्चरमधलं वाक्य म्हणजे 'इथे बिघाड आहे'. खरं वाक्य म्हणजे 'इथे काहीतरी बिघडलंय'. घटना होऊन गेली आणि तिचा परिणाम अजून आहे. ज्या प्रेझेंट परफेक्टला आपण घाबरतो, तो दिवसातून शंभर वेळा आपल्या तोंडात असतो: जेवलोय, आलीये, मेसमध्ये आमटी संपलीये.

फसतो आपण ते याच्या पुढे. मराठीत 'काल बघितलाय मी तो पिक्चर' चालतं. इंग्लिशमध्ये 'काल' आला की हॅव गेलाच पाहिजे, 'आय सॉ इट यस्टरडे' एवढंच. तसंच 'मी दोन तासांपासून थांबलोय'चं आपण 'आय ॲम वेटिंग सिन्स टू अवर्स' करतो, कारण आपला 'पासून' एकटाच 'सिन्स' आणि 'फॉर' दोघांचं काम करतो. इंग्लिशला तिथे 'हॅव बीन वेटिंग फॉर' लागतं. असल्या जागा क्लिपमध्ये कशा शोधायच्या? इथे आपलं इंजिनिअरिंग कामाला येतं. सबटायटलची एसआरटी फाइल ही साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा: एक क्रमांक, खाली सुरू आणि बंद होण्याची वेळ, त्याखाली वाक्य. कंट्रोल-एफ करून 'हॅव बीन' टाइप करा, वेळ बघा आणि प्लेयरमध्ये थेट त्या सेकंदाला जा. कॉम्प्युटरच्या एखाद्या पोराने दहा पिक्चरच्या फाइल्समधून एकदम शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला तर सगळ्या हॉस्टेलचं भलं होईल.

शब्दांचं मात्र वेगळं आहे. 'शोले'त धर्मेंद्र टाकीवर चढून 'सुसाइड'ची धमकी देतो तेव्हा खाली एक गावकरी दुसऱ्याला विचारतो की सुसाइड म्हणजे काय, आणि उत्तर मिळतं की इंग्रज लोक मरतात त्याला म्हणतात! विनोद सोडा, पण शब्द कळण्याची ही पद्धत अगदी खरी आहे. प्रसंगावरून अर्थ लावायचा, आणि तो थोडा चुकीचा लागू शकतो, म्हणून नंतर डिक्शनरी उघडायची. एका क्लिपमधून पाचच शब्द घ्या. वीस घेतलेत तर वीसही जातील. आणि पाठांतर नको. '३ इडियट्स'मधला चतुर आठवा. न समजता पाठ केलेल्या भाषणात कोणीतरी शब्द बदलले आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता नाही. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'ची सीनियर्सकडून आलेली उत्तरं घोकणारे सगळे चतुरच.

उलट दिशेचा खेळ आम्ही एका रविवारी लाइट जायच्या आधी खेळलो आणि तो सगळ्यात रंगला. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लावायचा, आवाज बंद, आणि संवाद इंग्लिशमध्ये म्हणायचे. पहिल्याच वाक्याला गाडी अडली. 'धनंजय माने इथेच राहतात का?' एकीने 'डू' लावला, कारण मराठीत मान देऊन 'राहतात' आहे. पण इंग्लिशमध्ये माने कितीही मोठे झाले तरी एकच माणूस, म्हणून 'डझ'. बरं, 'इथेच'मधला 'च' कुठे टाकायचा? इंग्लिशकडे 'च' नाही. तिथे 'हिअर'वर आवाजाचा जोर द्यावा लागतो, म्हणजे तो 'च' लिहिता येत नाही, फक्त ऐकू येतो. आणि 'हा माझा बायको पार्वती'ला तर आम्ही हातच टेकले. 'धिस इज माय वाइफ' म्हटलं की 'हा' नाही, 'माझा' नाही, विनोदच नाही. लिंगाप्रमाणे शब्द बदलण्याची कसरत आपण जन्मापासून फुकटात करतो आणि एका 'डझ'ला घाबरतो!

मर्यादाही सांगते, नाहीतर सर म्हणतील की मुलीने पिक्चरची जाहिरात केली. पिक्चरमधलं 'गॉना', 'वॉना', 'एंट' बोलण्यात ठीक, पण रिपोर्टमध्ये लिहिलंत तर गाइड तो परत करतील. शिव्या तर सगळ्यात आधी पाठ होतात, त्याबद्दल न बोललेलं बरं. टेक्निकल लिखाणाची भाषा पिक्चरमध्ये मिळतच नाही. त्यासाठी एनपीटीईएलची लेक्चर्स सबटायटल लावून ऐका. पिक्चरने कान आणि जीभ सुटते. पेन सुटायला वाचायलाच लागतं.

स्टाफमधल्या वाचकांसाठी एक गोष्ट. लँग्वेज लॅबमध्ये पिक्चरचा तुकडा दाखवायला काही जण कॉपीराइटला बिचकतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, फक्त विद्यार्थी, स्टाफ, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांसमोर, चित्रपट दाखवायला मुभा आहे. पायरेटेड कॉपीला अर्थातच ती मुभा लागू होत नाही, तेव्हा आमचा पेनड्राइव्ह मागू नका.

आणि रेडिमेड क्लिप संपल्या तर आपली करा. भरतीच्या वेळी बामणघळीवर मोबाइल घेऊन जा (खडकाच्या कडेपासून लांब, शेवाळ असतं), घळीत लाट शिरून पाणी वर उसळतं त्याचं एक मिनिट शूट करा आणि त्याला स्वतः इंग्लिश सबटायटल लिहा. 'घळ'ला शब्द काय, 'उसळणं'ला काय, 'भरती येताना'मधला 'येताना' इंग्लिशमध्ये कसा बसवायचा, यावर आमच्या रूममध्ये दोन तास वाद झाला. रूममेटने शेवटी 'व्हेन द टाइड कम्स इन' असं केलं, 'द' सकट. फाइल माझ्याकडे आहे, ज्यांना हवी त्यांनी रात्री जेवणानंतर येऊन घेऊन जावी.