‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे!

नौपाड्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक झेरॉक्स-कॉम्प्युटरचे दुकान आहे. कॉलेजे सुरू झाली की तिथे शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला रांग लागते. तिथूनच एक ताई थेट माझ्याकडे आल्या. मुलीचा अर्ज तीनदा भरला, तीनदा शेवटच्या पानावर अडला. दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे स्पेलिंग जुळत नाही, एवढेच यंत्र सांगते, तेही इंग्रजीत. मग करायचे काय? ते सांगत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे तीन खाडे झाले. ‘वकीलसाहेब, चूक कुणाची?’ असे त्यांनी विचारले.

बांधवांनो, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. मिळवलेला हा हक्क आज एका बटणापाशी अडावा? २०१७ साली ‘महाडीबीटी’ पोर्टल असे कोलमडले की सरकारला कागदी अर्ज घ्यावे लागले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले. त्यात विधीचे विद्यार्थीही होरपळले. कुलगुरू गेले, पण विद्यार्थ्यांच्या हुकलेल्या प्रवेशांचे काय?

संगणक वापरणारा भिकारी नाही, नागरिक आहे. यंत्राने चूक मराठीत सांगावी, अर्धा भरलेला अर्ज जपावा, पोच द्यावी. आणि यंत्र हरले की समोर सही करणारा जबाबदार माणूस असावा. यात जास्तीचे काय मागितले? आधारची पडताळणी फसली म्हणून लाभ नाकारू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच बजावले. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात तर डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१ चाच भाग ठरला. ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईला ‘पापणी मिचकवा’ म्हणणारी ई-केवायसी न्यायालयाला चालली नाही. आपल्या वस्तीतल्या किती जणांना हे निकाल ठाऊक आहेत? आपल्या वकिलांनीही ते सांगितलेले नाहीत, हे कबूल करतो.

त्या ताईंना मी एवढेच करायला लावले: अडलेल्या पानाचा मोबाईलवर फोटो, त्यावर तारीख-वेळ, सोबत साध्या कागदावर अर्ज. कारकून म्हणाला, ‘ऑनलाईनच भरा.’ ताई हलल्या नाहीत. दुपारी आवक क्रमांकाचा शिक्का पडला. पंधरा दिवसांनी नाव दुरुस्त झाल्याचा फोन आला.